टाचेखाली धरलेल्या हाताला

आदरणीय डॉक्टर,

हे आभार तुमच्यासमोर बसून मानायचे मी दोनदा ठरवले, पण दोन्ही वेळा ‘पायरीवरचा व्यायाम चालू आहे ना?’ एवढेच विचारून तुम्ही पुढच्या रुग्णाकडे वळलात. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. साठी उलटल्यावर बूट बांधून पहाटे बाहेर पडणाऱ्या बायका आता बेळगावात कमी नाहीत. त्यांनीही हे वाचावे अशी माझी इच्छा आहे.

मी ६६ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. धावायला लागले तेच ५८ व्या वर्षी, इथल्या व्हॅक्सिन डेपो मैदानातल्या झाडांखालच्या सपाट मातीवर. गेल्या हिवाळ्यात मात्र येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ लागोपाठ चार रविवार धावून चढले. पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या कंडरेवर चढाचा किती ताण येतो, याचा विचारही तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. चौथ्या रविवारनंतर सकाळी अंथरुणातून उठून टाकलेली पहिली दहा पावले लाकडी पायाने टाकल्यासारखी पडू लागली आणि टाचेच्या चार बोटे वर एक जाड, हात लावू न देणारी गाठ आली.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत मी ज्यांच्याकडे गेले त्यांच्याविषयी थोडेच लिहिते, कारण अजूनही राग येतो. एकांनी मोजासुद्धा काढायला लावला नाही. वय विचारले आणि ‘आता पळायचे कशाला, देवळापर्यंत चालत जा’ असे सांगून वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्यांनी ‘एका सुईत मोकळे करतो’ म्हटले. स्टिरॉइडची सुई या कंडरेत दिल्यास ती कमकुवत होऊन तुटण्याची भीती असते, हे मला नंतर कळले. त्या दिवशी मी केवळ घाबरून नको म्हणाले होते. घरी आणि मैदानावर याच्या उलट प्रकार होता. २००० साली ८९ व्या वर्षी लंडनची मॅरेथॉन धावलेल्या फौजा सिंग यांचा फोटो मला किमान सहा जणांनी पाठवला. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, पण दुखऱ्या पायाने जिना उतरणाऱ्या माणसाला फोटोचा कठडा धरता येत नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी वय विचारण्याआधी ‘पुन्हा कुठे धावायचे आहे?’ असे विचारले. मी डेपोचे नाव सांगितले आणि तुम्ही ते कागदावर सर्वांत वर लिहिले. मग घरातली औषधांची पिशवी आणायला सांगितलीत. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी मी सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक घेतले होते, तेही त्याच हिवाळ्यात. त्या जातीच्या औषधांनी साठीनंतर कंडरांना इजा होण्याचा धोका वाढतो, तेव्हा पुढे असे औषध लिहून देणाऱ्याला हे आठवणीने सांगा, असे तुम्ही समजावलेत. आधीच्या कोणीही ती पिशवी पाहिली नव्हती.

पण हे पत्र ज्यासाठी लिहिते आहे तो प्रसंग तिसऱ्या भेटीतला आहे. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून, सारा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीखाली सोडायची होती. मी कठडा धरून उभी राहिले आणि टाच खाली जाईना. कंडरा तुटताना फटका बसल्यासारखा आवाज होतो, असे कोणीतरी सांगितले होते आणि तो आवाज मला आधीच ऐकू येत होता. डोळ्यांत पाणी आले, त्याची लाजही वाटली. तुम्ही समजूत घातली नाहीत, घाईही केली नाहीत. दोन पायऱ्या खाली उतरून बसलात, माझ्या टाचेखाली आपला तळहात धरलात आणि म्हणालात, ‘अक्कोरे, सोडा की. हात हाय माझा.’

आपल्या भागातल्या कन्नड शाळांत मुले बाईंना अक्कोरू म्हणतात, हे मी आयुष्यभर ऐकत आले होते. मला मात्र त्या हाकेने कोणी कधी बोलावले नव्हते. माझी टाच तुमच्या हाताला जेमतेम टेकली आणि तुम्ही मोजले, ‘ओंदु.’ मग ‘एरडु’. कितव्या आकड्याला हात काढून घेतलात ते मला कळलेच नाही. पंधरा झाल्यावर खाली पाहिले तेव्हा तुमचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

त्यानंतर त्याच पायरीवर बसून तुम्ही स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांची हकिगत सांगितलीत. ते अस्थिरोगतज्ज्ञ आणि स्वतः धावणारे. १९९८ साली त्यांनी याच दुखण्याच्या १५ खेळाडूंकडून टाच खाली सोडण्याचा हा व्यायाम १२ आठवडे, दिवसातून दोनदा करून घेतला आणि ते सगळे पुन्हा धावू लागले. या कंडरेला रक्तपुरवठा मुळातच कमी आणि वयाबरोबर तिचे भरून येणे आणखी मंद. पण नुसत्या विश्रांतीने तिला बळ येत नाही, बेताबेताने भार दिला तरच ती पुन्हा भार पेलायला शिकते, हे मला त्या दिवशी पटले. माझे दुखणे हाडाच्या जोडाशी नसून त्याच्या वर होते म्हणूनच टाच पायरीखाली न्यायची, जोडाशी असते तर वेगळे सांगितले असते, हेही तुम्ही स्पष्ट केलेत.

तुमची भाषा कन्नड, माझी मराठी, आणि या शहरात त्यावरून काय काय ऐकावे लागते ते आपण दोघेही जाणतो. तुमच्या जिन्यावर मात्र तुम्ही माझ्यासाठी मराठी जुळवत होतात आणि मी तुमच्या तोंडचे आकडे पाठ करत होते. माणसाची भीती खरी आहे हे मान्य करून तिच्याखाली हात धरणे, एवढा चांगुलपणा मला फार थोड्यांकडून मिळाला आहे.

पावसाळ्यात डेपोची माती निसरडी असते म्हणून तुम्ही मला थांबवलेत, आणि मी थांबले. आता एक मिनिट धावते, दोन मिनिटे चालते, मध्ये एक दिवस पायाला मोकळा देते. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच आखडली तर त्या आठवड्यात काही वाढवत नाही. राजहंसगडाकडे अजून वळलेले नाही. पायरीवरचा व्यायाम रोज चालू आहे, घरच्या जांभ्या दगडाच्या पायरीवर, आणि मोजणी अजूनही कन्नडमध्येच होते, ओंदुपासून हदिनैदुपर्यंत.

आपली कृतज्ञ,
अक्कोरू