सूचना : रविवारी आपापलं विणकाम घेऊन या

सर्व तायांना, काकूंना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता समाजमंदिरात बसायचं आहे. सध्या कापसाची वेचणी सुरू आहे, म्हणून दुपार टाळली. वावरातून थेट आलात तरी चालेल.

सुरू असलेलं काम जसं असेल तसं आणा. स्वेटरची नुसती पाठ झाली असेल, तोरणाची एकच पट्टी असेल, तरी आणाच. चुकलं म्हणून घरी उसवून टाकू नका. टाका कुठे सुटला हे विणलेल्यातच दिसतं, आणि तिथूनच सगळ्यांना शिकता येतं.

सोबत एका चिठ्ठीवर लिहा :
– सुईचा नंबर. आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते : ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. त्यामुळे अंदाजे लिहू नका.
– सुरुवातीला घातलेले टाके, क्रोशाला साखळ्या.
– लोकरीच्या वेष्टनावरचा लॉट नंबर. लोकर कमी पडली आणि दुसऱ्या लॉटची आणली, तर रंगात फरक दिसतो.

फोटो काढायचा असल्यास जिचं काम आहे तिला आधी विचारा. नव्याने शिकणाऱ्या मुलींनाही आणा, सुया इथे मिळतील.