दिवाळीनंतर वर्गात न दिसणाऱ्या मुली

प्रिय मीना,

तुझं पत्र मिळालं. बीडकडच्या शाळेवर बदली, आठवी-नववीचे वर्ग, आणि पटावर असून बाकावर नसलेल्या मुलींची तू केलेली यादी. ती वाचून लगेच लिहायला घेतलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये हे प्रमाण त्याच्या जवळजवळ दुप्पट होतं. तेव्हा त्या मुलींची लग्नं लावली जात असतील ही तुझी शंका अगदी रास्त आहे.

पहिली गोष्ट. बाप पीत नाही, आई मायाळू आहे, घरात माळकरी वातावरण आहे, म्हणून मुलीला धोका नाही असं धरून चालू नकोस. अशा घरांत कुणी आवाज चढवत नाही. पाळी आली की दुकानात पाठवणं थांबतं, मग मैत्रिणीकडे जाणं, मग फोन. दोन इयत्ता मागे असलेला भाऊ तिच्यावर नजर ठेवायला लागतो आणि घरातल्या सगळ्यांना ते बरोबर वाटतं. दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला सहा महिने गाव सोडणाऱ्या घरांत यात पैशाचा हिशोब मिसळतो. टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे जोडपं. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. त्यामुळे पोराचं लग्न झालं की उचल वाढते. मुलीच्या आईबापांपुढे दुसराच पेच असतो: सहा महिने हिला कुणाच्या भरवशावर ठेवायची? उसाच्या फडावर न्यावी तर तिथल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही. त्यांची भीती खरी आहे, तिला हसू नकोस. पण धोका पुरुषांचा, आणि त्यावर उपाय म्हणून शाळा सुटते मुलीची. मला राग येतो तो याचाच.

काय दिसलं की सावध व्हायचं? वर्षाच्या मध्येच दाखला मागायला आले. आधारवरची जन्मतारीख 'दुरुस्त' करायची म्हणून बोनाफाईड हवंय. 'पाहुणे येऊन गेले' अशी कुजबुज वर्गात सुरू झाली. सगळ्यात फसवा साखरपुडा. आपल्याकडे साखरपुड्यातच अक्षता टाकून मोकळे होतात, तेव्हा 'अजून नुसता साखरपुडाच आहे' असं कुणी म्हणालं तर तीच लग्नाची तारीख समज.

मुलीशी बोलशील तेव्हा एकटीशी बोल, शाळेच्या वेळेत, वहीचं काहीतरी निमित्त काढून. तिच्या घरच्या नंबरवर मेसेज अजिबात नको. तो फोन भावाच्या खिशात असतो. आणि 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नकोस. घरातलाच कुणी तिच्या अंगचटीला येतो असं ती बोलली, तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो. दिलेला शब्द मोडला की ती पुन्हा कुणापाशी तोंड उघडणार नाही. त्यापेक्षा 'तुला सांगितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकणार नाही, पण तुला वाचवायला लागेल त्यांना सांगावं लागेल' हे सुरुवातीलाच सांग. जबाबाची वेळ आली तर तो तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री तिला ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. एवढं माहीत असलं की तिची निम्मी भीती जाते.

आता कागद. शाळेच्या जनरल रजिस्टरचा जन्मतारखेसह उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी आधीच काढून ठेव. वयाचा वाद झाला तर बाल न्याय कायद्याप्रमाणे शाळेची नोंद आणि दहावीचं प्रमाणपत्र आधी पाहतात. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मदाखला. हाडांची तपासणी सगळ्यात शेवटी, कारण तिच्यात दोन वर्षं इकडेतिकडे होतात. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही. घरचे आधी तेच पुढे करतील. पत्रिका छापली असेल तर तिचा फोटो काढून ठेव.

कळवायचं १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर. लग्नाचा दिवस येऊन ठेपला असेल तर पोलिसांच्या ११२ वरही. मुलीचं आणि आईवडिलांचं नाव, शाळा, गाव, तालुका, लग्नाची तारीख, वेळ, ठिकाण, नवऱ्याकडचं गाव हे समोर लिहून ठेवून मगच फोन लाव. नाव गुप्त ठेवायला सांग आणि तक्रारीचा क्रमांक मागून घे. ग्रामीण भागात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. गाडी इथेच अडते. त्याला गावात रोज राहायचंय, म्हणून तो आधी सरपंचाला विचारतो, सरपंच मुलीच्या चुलत्याला, आणि परवाचं लग्न आज रात्रीच मामाच्या गावी लागतं. म्हणून ग्रामसेवक, पोलीस आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष या तिघांना एकाच तासात कळव आणि लेखी पोच घे. अक्षय्य तृतीयेसारख्या मुहूर्तांना कायद्याने खुद्द जिल्हाधिकाऱ्यांकडे या अधिकाऱ्याचे अधिकार असतात. त्या दिवशी थेट त्यांच्या कार्यालयात कळव.

लग्न थांबलं की बाप हमीपत्र लिहून देतो, फोटो निघतात, सगळे घरी जातात. हमीपत्रावर विसंबू नकोस. शेजारच्या तालुक्यात महिन्याभरात तेच लग्न लागतं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळतो आणि त्यासाठी तक्रार कुणीही करू शकतं. हुकूम मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. त्याखेरीज मुलीला बाल कल्याण समितीपुढे उभं करायला लाव. समिती तिला घरी पाठवायचं की नाही ते ठरवते, आणि पाठवलं तरी लक्ष ठेवायला लावू शकते.

आईला वेगळं भेट. 'तुला आत टाकतील' असं तिला नवऱ्याने सांगितलेलं असतं. या कायद्यात बाईला तुरुंगवास नाही, हे तिला सांग. बऱ्याच आया एवढ्यावर बोलत्या होतात, कारण त्यांची लग्नंही याच वयात झालेली असतात. भटजी, मंडपवाला, आचारी, वऱ्हाडी यांना मात्र दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा त्यांना आधी गाठलं तर ते स्वतःच अंग काढून घेतात.

एका बाबतीत हे सगळं बाजूला ठेव. मुलगी कुणा पोराशी बोलताना सापडली म्हणून लग्नाची घाई चालली असेल, तर समजूत घालायला तिच्या घरी जाऊ नकोस. तिथे प्रश्न अब्रूचा झालेला असतो. तू दारातून बाहेर पडलीस की मार तिला बसतो, जिवावरही बेततं. तिथे आधी पोलीस आणि समिती, आणि ती घरातून सुखरूप बाहेर आल्यावरच बाकीचं.

आणि जिचं झालंच आहे तिला यादीतून काढू नकोस. वयाची वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत ती जिल्हा न्यायालयात, कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, लग्न रद्द करून मागू शकते. अठराच्या आत असेल तर पालक किंवा वादमित्र (तिच्या वतीने दावा चालवणारा), सोबत तोच प्रतिबंधक अधिकारी. दुसऱ्या लग्नापर्यंत पोटगीची तरतूदही आहे. शाळा सुटली असली तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. त्याची मुदत चुकवू नकोस.

लग्न थांबलेल्या मुलींसाठी हंगामी वसतिगृह (आईबाप तोडीला गेलेल्या मुलांचं) आणि कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय (मुलींची निवासी शाळा), दोन्हींची चौकशी दसऱ्याच्या आधी कर. टोळ्या हलल्या की जागा मिळून उपयोग नाही, मुलगी गावात नसते. यादीत जिच्यापुढे तू प्रश्नचिन्ह टाकलंयस तिचा रजिस्टर उतारा उद्याच काढ आणि पाहुणे कुठल्या गावचे ते मला कळव. त्या तालुक्यात ओळखीचं कुणी आहे का, ते तोवर मी बघते.

तुझी,
शैला