मॉर्गेजमधलं मेलेलं कोण?

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतला होम लोनवरचा लेख चांगला होता पण त्यात मॉर्गेज म्हणजे 'मरेपर्यंत फेडायचं कर्ज' असं जे दिलंय ते काही बरोबर नाही, व्हॉट्सॲपवर पण हेच फिरत असतं. शब्द जुन्या फ्रेंचमधला, मॉर्ट म्हणजे मेलेलं (हे लॅटिनमधून आलं) आणि गेज म्हणजे तारण, म्हणजे मेलेलं असतं ते तारण, कर्जदार नाही! 17व्या शतकातले इंग्लिश न्यायाधीश एडवर्ड कोक सांगतात की पैसे फेडले नाहीत तर जमीन कर्जदाराला मेली आणि फेडले तर सावकाराला मेली. ऐकायला छानच आहे, पण त्याच्या कितीतरी आधी, 12व्या शतकात, ग्लॅनव्हिल या इंग्लिश न्यायाधीशाच्या नावावर असलेल्या लॅटिन कायदेग्रंथात वेगळाच हिशोब दिलाय, जमिनीचं उत्पन्न कर्जातून वळतं होत असेल तर ते जिवंत तारण आणि सावकार पीक खातोय पण कर्ज एक पैशाने कमी होत नाही तर ते मेलेलं. मला हेच जास्त पटतं, आपल्याकडच्या गहाणाच्या जमिनींचं दुसरं काय व्हायचं?

गंमत म्हणजे गेज मूळचा लॅटिन नाहीच, तो जर्मन कुळातला आणि इंग्लिशमधलं वेडिंग त्याच मुळाचं! (यावर घरी जास्त बोलत नाही.) आणि आजचे फ्रेंच लोक मॉर्गेज म्हणतच नाहीत, ते म्हणतात इपोतेक, ग्रीकमधून लॅटिनमार्गे आलेला.

– तुमचा एक नियमित वाचक