गृहमंत्री साहेब, आमच्या गावाचा ग्रुप कोण वाचतं?

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

साहेब, सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि सोयाबीन ही दोन पिकं, त्यावर घर. आजवर कोर्टाची पायरी चढलो नाही, पोलीस ठाणंही बाहेरूनच पाहिलं होतं.

गेल्या महिन्यात एका मंत्र्यांचा आमच्या तालुक्यात दौरा होता. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव सरकारनेच क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केलेला, आणि आमच्याकडे व्यापारी साडेतीन हजारावर अडून बसला. म्हणून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी लिहिलं, 'साहेब येतील तेव्हा फाट्यावर उभे राहू आणि भाव विचारू. शांततेत. कोणी घोषणा देऊ नका.' दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दारात गाडी. 'भाऊ, चाला जरा ठाण्यात, ठाणेदार साहेबानं बोलावलं.' म्हातारी माय ओट्यावर आली आणि थरथरत म्हणाली, 'काय केलं गा यानं?' शिपायापाशी उत्तर नव्हतं.

ठाण्यात टेबलावर माझाच मजकूर छापून ठेवला होता. माझं नाव, नंबर, वेळ, सगळं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, म्हणजे गुन्हा होण्याआधीच रोखण्याची, नोटीस पुढे सरकवली, सही घेतली आणि मंत्र्यांचा ताफा तालुक्याबाहेर जाईपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. हा मजकूर तुमच्यापर्यंत आला कसा, असं विचारलं तर 'गोपनीय आहे' एवढंच ऐकायला मिळालं. फोन 'तपासायला' ठेवून घेतला. 'संध्याकाळी घेऊन जा,' ठाणेदार म्हणाले. तो फोन अजून मिळालेला नाही. पंचनामा नाही, पावती नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तुमच्याच नव्या कायद्यात कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. माझ्या फोनचं चित्रीकरण कुठे आहे?

मुंबईत बसून कदाचित वाटेल, एका फोनचं एवढं काय? साहेब, आमचं शेत तुम्ही फोनात नेऊन ठेवलं. पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर. सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी आणि स्लॉट, त्याचा ओटीपी त्याच नंबरवर. पीएम किसानची केवायसी, बँकेचा मेसेज, पीकविम्याची तक्रार, सगळं तिथेच. माझा कापूस घरात पडून आहे. खेडा खरेदीवाला दारात येतो, माझी अडचण त्याला ठाऊक आहे, म्हणून भाव पाडून मागतो. पोरीची कॉलेजची फी भरायची होती, ती उसनवारीवर भरली. बायको एकच विचारते, 'कायले लिवत होते त्या ग्रुपवर?' आपल्याच पिकाचा भाव विचारणं घरातल्या माणसालाही गुन्हा वाटू लागलं, हे तिला मी काय समजावू?

आणि यापेक्षा वाईट गावात झालं. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही, २०१६ पासून तो कुलूपबंद जातो, असं शिकलेली पोरं सांगतात. मग एक तर कुणाच्या तरी फोनात शिरून तो वाचला गेला, नाही तर ग्रुपमधल्याच कुणी स्क्रीनशॉट दिला. त्या ग्रुपात माझे चुलते आहेत, शेजारी आहेत, शाळेतले सोबती आहेत. आता मी प्रत्येकाच्या तोंडाकडे संशयानं पाहतो, आणि तेही माझ्याकडे पाहतात. गुलाबी बोंडअळी लागली की बोंड वरून हिरवंगार दिसतं आणि आत सरकी कुजलेली असते, तसं गाव झालं आहे. ग्रुपवर आता फक्त सुप्रभात आणि वाढदिवस. डीएपी खताची टंचाई, विजेची डीपी जळाली, रोजगार हमीचे पैसे अडकले, यावर कोणी अक्षर लिहीत नाही. पारावरही आवाज खाली घेऊन बोलतात. एका छापील कागदानं तुम्ही आख्खं गाव मुकं केलं.

कायदा मी भाच्याच्या फोनवर वाचला, हे पत्रही त्याच्याच फोनवरून जातं आहे. २० डिसेंबर २०१८ ला केंद्रानं दहा यंत्रणांना कोणत्याही संगणकातली माहिती पाहण्याचे अधिकार दिले. त्यात गुप्तवार्ता विभाग आहे, रॉ आहे, ईडी आहे, दिल्लीचे पोलीस आयुक्त आहेत. तालुक्याचं ठाणं त्यात नाही. राज्यात असं काही पाहायचं तर गृह सचिवांचा लेखी आदेश लागतो. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फोन टॅपिंगवर बंधनं घातली, २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. माझ्यासाठी असा आदेश निघाला होता का? निघाला असेल तर सोयाबीनचा भाव विचारणं देशाच्या सुरक्षेला धोका आहे, असं कोणत्या सचिवांनी लिहून दिलं?

केंद्रानं माहिती अधिकारात एकदा सांगितलं होतं की महिन्याला साडेसात ते नऊ हजार टॅपिंगचे आदेश निघतात. नऊ हजार म्हणजे रोजचे तीनशे! एक सचिव रोज तीनशे माणसांच्या आयुष्याचा विचार करून सही करतो, हे तुम्ही कोणाला पटवणार? त्या सह्या तपासणाऱ्या समितीत पुन्हा सचिवच. राज्यात मुख्य सचिव अध्यक्ष. न्यायाधीश एकही नाही. आणि ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला नंतरसुद्धा कळवायचं नाही.

आमच्याच विदर्भातल्या भंडारा-गोंदियाचे तेव्हाचे खासदार नाना पटोले यांचा फोन 'अमजद खान' या नावानं टॅप झाल्याचा आरोप २०२१ मध्ये विधानसभेत गाजला. पुण्यात गुन्हा नोंदला, पुढे तो उच्च न्यायालयात रद्द झाला. खासदाराची ही कथा असेल तर सातबारावर दोन हेक्टर असलेल्यानं कोणाकडे जावं? फोनात शिरून पाळत ठेवणाऱ्या पेगॅसस प्रणालीच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं २९ फोन तपासले, २०२२ मध्ये अहवाल आला, पाचात घातक प्रणाली सापडली, ती पेगॅससच होती असं ठाम सांगता आलं नाही, आणि सरकारनं सहकार्य केलं नाही असं सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितलं. जुलै २०२५ मध्ये तुम्ही कडव्या डाव्या संघटनांच्या नावानं जनसुरक्षा विधेयक मंजूर करून घेतलं. गडचिरोली ज्या विदर्भात आहे, तिथं राहणाऱ्याला 'बेकायदेशीर संघटनेचा हितचिंतक' ठरवायला किती वेळ लागतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

तुमच्याकडे कर्जाचं व्याज मोजायला माणसं आहेत, आमचे मेसेज वाचायला माणसं आहेत. अतिवृष्टीचा पंचनामा करायला मात्र तलाठी मिळत नाही. मागच्या पावसात माझं अर्धं वावर खरडून गेलं, त्याची यादी अजून 'वर' आहे. साहेब, एकदा आमच्यावर पाळत ठेवाच. वावरात या, मोंढ्यात या, बँकेच्या रांगेत उभे राहा. तिथं आम्ही काय बोलतो ते ऐका आणि लिहून न्या.

माझा फोन पंचनाम्यासह परत करा. माझा मजकूर कोणी, कोणत्या कलमाखाली, कोणाच्या आदेशानं मिळवला ते लेखी कळवा. आदेश नसेल तर तसंही लिहून द्या आणि गावात येऊन ग्रामसभेत सांगा, कारण बदनामी गावात झाली. आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, आमच्याच मातीवर, राज्याच्या गृह विभागानं गेल्या पाच वर्षांत टॅपिंगचे किती आदेश काढले आणि त्यातले किती समितीनं रद्द केले, तो आकडा सभागृहात ठेवा. नावं नकोत, तपास उघड करू नका. फक्त आकडा.

उत्तर टपालानं पाठवा. माझा नंबर तुमच्या ठाण्यात जमा आहे.

आपला,
एक कापूस-सोयाबीन उत्पादक शेतकरी,
जिल्हा यवतमाळ