रोडसाइड असिस्टन्स घेण्याआधी टोइंगचे किलोमीटर विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कासचा हंगाम आणि दसरा-दिवाळीची गाडीखरेदी पाठोपाठ येतात. शोरूमच्या बिलात किंवा विम्याच्या नूतनीकरणाच्या कोटेशनमध्ये 'रोडसाइड असिस्टन्स', म्हणजे गाडी वाटेत बंद पडल्यास जागेवर मदत, अशी एक ओळ असते. 'घेऊन टाका, कधीतरी उपयोगी पडेल' यापलीकडे ग्राहकाला काही सांगितले जात नाही. आम्ही साताऱ्यातील गॅरेजच्या धंद्यातली माणसे आहोत. हे पैसे कुणी भरावेत आणि कुणी वाचवावेत, हे वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

या सेवेची यादी लांबलचक असते: पंक्चर, बॅटरी, इंधन, आत राहिलेली किल्ली, टोइंग (बंद गाडी क्रेनने उचलून नेणे). यातल्या टोइंगलाच खरी किंमत आहे. इंधन संपले तर बहुतेक योजना पाच लिटरपर्यंत आणून देतात, पण त्याचे पैसे आपलेच. ट्यूबलेस टायरचे पंक्चर किट आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप दोन-अडीच हजारांत येतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. खिळा टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल तर रबराची दोरी भरून गाडी गावापर्यंत सहज येते. बाजूच्या भिंतीला चीर असेल तर मात्र स्टेपनीच लावावी लागते. तिच्यातली हवा महिनोन्‌महिने कुणी पाहत नाही. काही नव्या गाड्यांत तर स्टेपनीच नसते, ती आहे का हे आजच डिकी उघडून पाहावे.

बॅटरीचा बंदोबस्त घरीच होतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी साध्या मल्टिमीटरने मोजावे. साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल तर ती बॅटरी फार दिवस साथ देणार नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसले नाही तर बॅटरी बदलूनही उपयोग नाही, आधी बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर तपासावा. हे ठाऊक असणाऱ्याला बॅटरीसाठी वर्गणी भरायची गरज नाही. शिवाय त्याच बिघाडासाठी पुन्हा बोलावले तर येणार नाही, असे कलम अनेक योजनांत असते.

टोइंगची गोष्ट वेगळी आहे. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना तापमानाचा काटा वर गेला, की चालक म्हणतो, 'एवढा घाट चढू, मग बघू.' कूलंट गळालेला असतो किंवा रेडिएटरचा पंखा बंद असतो. तसेच रेटले की हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याच्या वरच्या 'हेड'मधली सांधपट्टी) जाते, पुढे हेडच वाकते आणि पाइपचे किरकोळ काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते. पसरणीच्या चढावर क्लचवर पाय ठेवून गाडी पुढे रेटणाऱ्यांचेही तेच. जळका वास आल्यावर थांबले तर फक्त प्लेट बदलावी लागते, नाही थांबले तर प्लेट जिच्यावर टेकते ती फ्लायव्हीलची चकतीही खराब होते. टोइंगचे पैसे आधीच भरलेले असतील तर माणूस वेळेवर थांबतो. आमच्या मते या सेवेचा सर्वांत मोठा फायदा हाच. (गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, ते तोंडावर उसळते.)

आता पैसे भरण्याआधी आपल्याकडे आधीच काय आहे ते पाहावे. नव्या गाडीला बहुतेक कंपन्या वॉरंटीच्या काळात ही सेवा मोफत देतात. ती चालू असताना विम्यात पुन्हा तीच घेणे म्हणजे मोफत मिळणाऱ्या कामाचे पैसे मोजणे. साध्या पॅकेज (स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणाऱ्या) विमा पॉलिसीतही अपघातानंतर गाडी जवळच्या गॅरेजला नेण्यासाठी खासगी मोटारीला १,५०० आणि दुचाकीला ३०० रुपयांपर्यंत तरतूद असते. ती फक्त अपघातासाठी आहे, नुसत्या बिघाडासाठी नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालतो. त्यावरून येणारी क्रेन रस्ता मोकळा करून गाडी जवळच्या सुरक्षित जागी लावते, ती तुमच्या गॅरेजपर्यंत येत नाही. आनेवाडी आणि तासवडे टोलनाक्यांवरच्या फलकावर क्रेन व रुग्णवाहिकेचे क्रमांक असतात, ते मोबाइलमध्ये घालून ठेवावेत. कास, ठोसेघर, सज्जनगड हे रस्ते राष्ट्रीय महामार्ग नाहीत, तिथे १०३३ ची क्रेन धरून चालू नये.

मग अटी पाहाव्यात. टोइंग किती किलोमीटरपर्यंत मोफत? ते अंतर एकेरी धरतात की क्रेन निघाल्यापासून परत पोहोचेपर्यंतचे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुकानात क्वचितच मिळते. क्रेन साताऱ्याहून निघून महाबळेश्वरला जाणार आणि गाडी घेऊन परत येणार, म्हणजे मेढामार्गे जाऊन-येऊन शंभरच्या वर किलोमीटर झाले. मर्यादा पन्नासची असेल तर उरलेल्याचे पैसे जागेवर रोख मागितले जातात. गाडी 'जवळच्या अधिकृत वर्कशॉप'लाच नेणार असे लिहिलेले असेल तर माण तालुक्यातल्या वाचकाने नकाशा काढावा. म्हसवडहून सातारा ऐंशी किलोमीटरच्या पुढे आहे, आणि त्याच्या कंपनीचे वर्कशॉप म्हसवडला किंवा दहिवडीला असेलच असे नाही. वर्षातून किती वेळा बोलावता येते, घेतल्यापासून किती दिवसांनी सेवा सुरू होते, टॅक्सी परवान्याची गाडी चालते का, हेही विचारावे. चिखलात रुतलेली गाडी काढणे अनेक योजनांत बसत नाही. पावसाळ्यात सडावाघापूरच्या पठारावर गाडी आत घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, तिथे शेवटी गावचा ट्रॅक्टरच लागतो.

हिशेब साधा आहे. आपल्या नेहमीच्या वाटेवरून घरापर्यंत टोइंगला काय घेतात, हे ओळखीच्या क्रेनवाल्याला विचारावे. उदाहरणापुरते ४,००० रुपये धरू. विम्यातले ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून पॉलिसीला जोडलेली ही सेवा, ३०० रुपयांना मिळत असेल तर तेरा वर्षांत एकदा टोइंग झाले तरी पैसे वसूल. विम्याबाहेर, ही सेवा देणाऱ्या कंपनीचे वेगळे सभासदत्व (कार्ड) १,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७० रुपयांना असेल, तर सव्वादोन वर्षांतून एकदा गाडी उचलावी लागली पाहिजे. एवढ्या वेळा जी गाडी बंद पडते, तिला कार्ड नको, दुरुस्ती हवी.

म्हणून आमचे मत असे. वॉरंटी संपलेली मोटार असेल आणि घाटात किंवा पुणे-कोल्हापूर रस्त्यावर नेमाने जात असाल, तर विम्यातले स्वस्त ॲड-ऑन जरूर घ्यावे. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी तर घ्यावेच. या गाड्या दोरी बांधून टोचन करून आणता येत नाहीत. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स इंजिन बंद असताना ऑइलविना फिरतो आणि जातो, त्यामुळे चारही चाके उचलणारा फ्लॅटबेडच लागतो. 'फ्लॅटबेड' हा शब्द अटींत आहे का ते वाचावे. गावात फिरणाऱ्या दुचाकीला यातले काहीच नको. वेगळे कार्ड आम्ही फारशा कुणाला सुचवणार नाही. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर ॲड-ऑन सहसा मिळत नाही, अशी जुनी गाडी घेऊन लांब जाणाऱ्यांनी तेवढा विचार करावा.

क्रेन आल्यावरही नुकसान होते. जॅकच्या पिशवीत एक जाड लोखंडी टो हुक असतो. पुढच्या बंपरवरचे छोटे झाकण काढून तो आतल्या आट्यांत शेवटपर्यंत घट्ट फिरवायचा असतो. काही गाड्यांत आटे उलटे असतात, त्यामुळे जोर लावण्याआधी पुस्तिका पाहावी. हुक हरवला असेल तर क्रेनवाला साखळी सस्पेन्शनच्या आर्मला अडकवून ओढतो आणि मूळ बिघाडासोबत अलाइनमेंटही जाते. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर ऑटोमॅटिकचा गिअर न्यूट्रलला येत नाही. बऱ्याच गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ त्यासाठी सोडवणीची कळ असते, ती आपल्या गाडीत कुठे आहे हे घरीच पाहून ठेवावे. चढवण्याआधी चारही बाजूंचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढावेत. फोन करताना 'खंबाटकीच्या वर' असे न सांगता दगडावरचा किलोमीटर आणि बाजू सांगावी, साताऱ्याकडे येणारी की पुण्याकडे जाणारी. चुकीच्या बाजूला आलेल्या क्रेनला वळायला घाट उतरावा लागतो. तोवर धोक्याचा त्रिकोण गाडीच्या मागे निदान पन्नास मीटरवर ठेवावा आणि माणसांनी गाडीत न बसता कठड्याबाहेर उभे राहावे.

सेवा मिळाली नाही तर दाद कुठे मागायची, हे कुणाकडून घेतली त्यावर ठरते. विम्यातल्या ॲड-ऑनसाठी आधी विमा कंपनी आणि मग पुण्यातले विमा लोकपाल कार्यालय आहे. वेगळ्या कंपनीचे कार्ड म्हणजे विमा नव्हे, तिथे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन किंवा जिल्हा ग्राहक आयोग हाच मार्ग.

जिल्ह्यातल्या वाहन विक्रेत्यांना आणि विमा प्रतिनिधींना विनंती आहे, की टोइंगची मर्यादा, ती मोजण्याची पद्धत आणि वगळलेले रस्ते एका पानावर मराठीत छापून पैसे घेण्याआधी ग्राहकाच्या हातात द्यावेत. सार्वजनिक बांधकाम विभागाने कास, पसरणी आणि केळघर या रस्त्यांवर, जिथे मोबाइलची रेंज मिळते अशा वळणांवर, मदतीच्या क्रमांकाचे आणि किलोमीटरचे ठळक फलक लावावेत.

आपले,
गोडोली परिसरातील गॅरेजचालक,
सातारा