ते पहिलं वाक्य खोड

प्रिय शुभे,

तुझा एसओपी (कम्युनिकेशनच्या पदव्युत्तर कोर्सच्या अर्जासोबत 'मला हे का शिकायचंय' सांगणारं निवेदन) दोनदा वाचला. एकदा मैत्रीण म्हणून आणि एकदा, रागावू नकोस, हातात लाल पेन घेऊन. 'लहानपणापासूनच मला माध्यमांची आवड होती' हे पहिलं वाक्य आधी खोड. अगं, आवड कोणाला नसते? अर्ज वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना ते वाक्य आता दिसतसुद्धा नसेल. त्याऐवजी गेल्या वर्षी रात्री साडेअकराला फोनवर मला जे म्हणाली होतीस ते लिही. तुला बातम्यांच्या डेस्कवर 'लोकांमध्ये संतापाची लाट' असं हेडिंग द्यायला सांगितलं होतं. तू लाट शोधायला बसलीस, तर हाती लागल्या एकोणीस कमेंट, आणि त्यातल्या सात एकाच गृहस्थांच्या. तेव्हा तू विचारलंस, "लोक म्हणजे नक्की कोण गं?" मी अर्धवट झोपेत होते, नुसतं 'हं' म्हणाले. पण तुझा हा प्रश्न म्हणजे या अख्ख्या विषयाचं दार आहे, आणि मला ते कळायला दोन सेमिस्टर लागली.

परवा याच विषयातला माझा थीसिस जमा केला. अजून व्हायवा (तोंडी परीक्षा) व्हायचा आहे, म्हणजे सगळं डोक्यात ताजं आहे आणि थोडी चिडचिडही शिल्लक आहे. नंतर लिहिलं तर सगळंच गोड लिहीन, म्हणून आत्ताच लिहिते.

तू विचारलं आहेस की थिअरीचा खरंच उपयोग होतो का, की नुसतीच घोकंपट्टी. पहिल्या महिन्यात मलाही घोकंपट्टीच वाटली. लासवेल या अमेरिकन अभ्यासकाचा १९४८ चा प्रश्न: कोण, काय सांगतं, कोणत्या मार्गाने, कोणाला, आणि परिणाम काय? मग शॅननची ती प्रसिद्ध आकृती, तीही १९४८ चीच: एका टोकाला पाठवणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा, मधे गोंगाट. वर्गात सगळ्यांनी वहीत चौकोन काढले. पुढे कळलं की शॅनन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला माणूस. त्याचा प्रश्न एवढाच होता की सिग्नल इकडून तिकडे नीट कसा पोचवायचा. संदेशाचा अर्थ काय, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, असं त्याने लेखाच्या सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं. आणि माणसामाणसांतल्या संवादाच्या पुस्तकांत पहिली आकृती कोणाची, तर अर्थ बाजूला ठेवणाऱ्याची! मला हे इतकं गमतीदार वाटलं की त्या दिवशी पहिल्यांदा लायब्ररीत उशिरापर्यंत बसले.

पण थिअरी खऱ्या अर्थाने अंगावर आली ती रेडिओच्या गोष्टीने. ही गोष्ट तुलाही अर्धी माहीत असणार. ३० ऑक्टोबर १९३८ ला अमेरिकेत ऑर्सन वेल्सने मंगळावरून हल्ला झाल्याचं नाटक रेडिओवर सादर केलं, बातम्यांच्या थाटात, आणि म्हणे देशभर हाहाकार उडाला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांची पहिली पानं त्यानेच भरली होती. माध्यमं माणसांना कशी वेड लावतात याचं उदाहरण म्हणून हे आजही सांगतात. आता दुसरी अर्धी ऐक. त्याच रात्री रेडिओचं रेटिंग काढणाऱ्या एका संस्थेने सुमारे ५,००० घरांना फोन करून काय ऐकताय असं विचारलं होतं. वेल्सचं नाटक ऐकणारे निघाले जेमतेम २ टक्के. आणि वर्तमानपत्रांना रेडिओचा राग होताच, कारण जाहिराती तिकडे वळत होत्या. त्या घटनेवर १९४० मध्ये जो मोठा अभ्यास पुस्तकरूपाने आला, त्यात १३५ जणांच्या सविस्तर मुलाखती होत्या. त्यातले शंभराहून अधिक जण निवडलेच होते ते घाबरल्याचं आधी माहीत होतं म्हणून!

काही माणसं खरोखर घाबरली होती, त्यात वाद नाही. पण 'देश घाबरला' आणि 'घाबरलेले शोधून त्यांना विचारलं' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तुझ्या एकोणीस कमेंट आणि या १३५ मुलाखती यांची जातकुळी एकच. मला तुझा फोन आठवला तो त्या तासाला.

त्यानंतर मी प्रत्येक गाजलेल्या अभ्यासाला पहिला प्रश्न तोच विचारायला लागले: कोणाला विचारलं, किती जणांना, कधी? लाझार्सफेल्ड हा समाजशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी १९४० च्या अमेरिकन निवडणुकीत ओहायोतल्या एका काउंटीत गेले आणि ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटत राहिले. रेडिओ आणि वर्तमानपत्रं मतं कशी फिरवतात ते बघायचं होतं. फिरलेली मतं फारच थोडी निघाली, आणि छापील प्रचारापेक्षा आपल्या ओळखीतल्या जाणत्या माणसाचं बोलणं जास्त पोचतं असं दिसलं. अजेंडा सेटिंगचं नाव तू ऐकलंच असशील: माध्यमं ज्या मुद्द्यांवर भर देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात, ही कल्पना. त्याचा पहिला अभ्यास १९६८ चा, अमेरिकेतल्या चॅपल हिल या गावातला, आणि त्यात मतदार होते १००. शंभर! मत कोणाला द्यायचं ते न ठरवलेले. मॅकोम्ब्स आणि शॉ या अभ्यासकांनी १९७२ मध्ये तो छापला आणि त्यावर पुढच्या पिढ्यांची ग्रंथालयं उभी राहिली. शंभर माणसांवर एवढं घर बांधलं म्हणून मी आधी नाक मुरडलं. मग कळलं की तोच प्रयोग पुढे इतरांनी ठिकठिकाणी करून बघितला, म्हणून ते घर टिकलं. नुसता आकडा लहान असला म्हणजे अभ्यास फालतू, असं नाही. आणि आकडा मोठा दिसला म्हणजे अभ्यास पक्का, असंही नाही. हे दुसरं मला माझ्याच मोडलेल्या आकड्याने शिकवलं.

तर तो आकडा. माझा विषय होता अपघाताच्या बातम्यांमध्ये दोष कोणावर जातो: माणसावर की व्यवस्थेवर. खड्डा, नसलेला दिवा, सोळा-सोळा तासांची ड्युटी हे सगळं व्यवस्थेत. कंटेंट अॅनालिसिस म्हणजे बातम्या वाचून खाने भरायचे, त्यात काय कठीण, असं वाटलं होतं. नियम असा की निदान दोघांनी एकमेकांना न विचारता त्याच बातम्या कोड करायच्या, म्हणजे प्रत्येक बातमी कोणत्या खान्यात जाते त्याची खूण करायची. वर्गातल्या एकीने तयारी दाखवली. दोघींनी चाळीस बातम्या घेतल्या, वेगवेगळ्या टेबलांवर बसलो. संध्याकाळी शीट जुळवल्या तर चाळीसपैकी चौतीस ठिकाणी एकमत. ८५ टक्के! मी खूश. गाइडना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "कप्पा काढा."

हा कप्पा म्हणजे कपाटातला खण नव्हे, तर कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये दिलेलं माप. दोघांचं एकमत नुसत्या योगायोगाने किती झालं असतं, तेवढं त्यातून वजा करायचं. पूर्ण एकमत म्हणजे १, योगायोगाइतकंच म्हणजे ०. आता बघ, आम्ही दोघींनीही चाळीसपैकी चौतीस-चौतीस बातम्या 'माणूस' खान्यात टाकल्या होत्या. इतक्या बातम्या एकाच खान्यात जाणार असतील तर डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी पाऊण भाग जुळलाच असता. हिशेब केला. ०.४१. क्रिपेनडॉर्फसारखे या पद्धतीतले जाणकार त्यांच्या स्वतःच्या मापावर ०.८० मागतात, फार तर ०.६६७ वर सांभाळून घेतात. माप वेगळं असलं तरी अंतर पुरेसं बोलकं होतं. माझा ८५ टक्क्यांचा फुगा तिथेच फुटला.

मग आम्ही भांडायला बसलो, शब्दशः. भांडण एका हेडिंगवर: 'चालकाचा ताबा सुटल्याने बस उलटली.' मी म्हणत होते, उघड आहे, चालकाला दोष दिलाय. ती म्हणाली, "'सुटला' म्हटलंय, 'सोडला' नाही. सुटणं आपोआप होतं, त्यात कोणाचाच दोष नाही." मी आयुष्यभर हे हेडिंग वाचत आले, तूही डेस्कवर शेकडो वेळा दिलं असशील, आणि त्या क्रियापदात कोणी लपलं आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. तासभर त्या एका शब्दावर गेला. शेवटी 'कोणालाच नाही' असा तिसरा खाना काढला, आणि दोन पानांचं कोडबुक (कोणती बातमी कोणत्या खान्यात, याचे नियम) अकरा पानांवर गेलं. थीसिसमधलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्या भांडणातून निघालं. पहिल्या चाळीस बातम्यांचं काम मात्र फुकट.

गणित एवढंच, शुभे. बेरीज-वजाबाकी, टक्के, आणि सॉफ्टवेअरमध्ये बटण कोणतं दाबायचं ते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. त्या बटणामागे काय झालं ते आपल्या शब्दांत सांगता येणं, तिथे भल्याभल्यांचं घोडं पेंड खातं.

मुलाखतींचा भाग मला सोपा वाटला होता, कारण तू आणि मी बोलण्यात कोणाला हार जाणार आहोत? तासाभराचं रेकॉर्डिंग टाइप करायला मला पाच-पाच तास लागले. आपलंच बोलणं ऐकताना लाज वाटते. मी समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही हे मला त्या कामातून कळलं. (तू हे वीस वर्षं सांगतेयस, माहीत आहे.) एका जुन्या उपसंपादकांनी पन्नास मिनिटं पुस्तकी उत्तरं दिली. मी रेकॉर्डर बंद केला, वही पिशवीत टाकली, आणि ते दारापाशी येऊन म्हणाले त्यात माझ्या अख्ख्या थीसिसचं उत्तर होतं. मी लगेच विचारलं, हे वापरू का? ते हसले आणि नको म्हणाले. संमतीपत्रावर त्यांचीच सही होती, 'कधीही माघार घेता येईल' या ओळीखाली. ते वाक्य थीसिसमध्ये नाही. तुलाही सांगणार नाही, तेव्हा विचारू नकोस.

आता नोकरीचं. ही पदवी म्हणजे वकिली-डॉक्टरकीसारखा परवाना नव्हे, तिच्यावाचून पत्रकारिता अडत नाही. कॅमेरा, एडिटिंग, अँकरिंग शिकायचं असेल तर त्याचा वेगळा कोर्स कर. प्रेक्षकांचं संशोधन, संस्थांचं संपर्काचं काम, अध्यापन, पुढे पीएचडी, या वाटांना तिचा उपयोग होतो. आणि नाव बघून कोर्स निवडू नकोस. 'कम्युनिकेशन', 'मास कम्युनिकेशन', 'मीडिया स्टडीज' या पाट्यांमागे काहीही असू शकतं: कुठे सगळा स्टुडिओ, कुठे सगळी थिअरी, नुसते हॉल आणि हाबरमाससारखे विचारवंत. अभ्यासक्रम उघडून तीनच गोष्टी बघ: संशोधन पद्धतींचे पेपर किती आणि सक्तीचे का, शेवटी थीसिस आहे का, आणि शिकवणाऱ्यांनी अलीकडे काय लिहिलं आहे. एका वर्षाचा कोर्स घेतलास तर प्रवेशाच्या दिवशीच थीसिसचा विषय डोक्यात हवा, नाहीतर श्वास घ्यायला वेळ मिळत नाही.

गाइडचंही नीट बघ. माझ्या पहिल्या गाइडनी प्रपोजल सात आठवडे ठेवून घेतलं आणि 'ठीक' एवढाच शेरा मारून परत केलं. कप्पा काढायला लावणाऱ्या बाई दुसऱ्या. त्या मिळाल्या नसत्या तर मी ते ८५ टक्के छातीठोकपणे छापले असते.

सोशल मीडियावर काम करायचा तुझा विचार आहे म्हणून एक सावधगिरी. डेटा हाती येईपर्यंत विषय पक्का करू नकोस. ट्विटरने संशोधकांना दिलेली मोफत वाट २०२३ मध्ये बंद झाली, फेसबुकचा डेटा बघायचं क्राउडटँगल ऑगस्ट २०२४ मध्ये मेटाने बंद केलं. परक्याच्या कुंपणातलं पीक आहे ते, केव्हा दार लागेल सांगता येत नाही. तुझ्याकडे मात्र दुसऱ्या कोणाकडे नाही असं काहीतरी आहे: नऊ वर्षं डेस्कवर बसून तू पाहिलेलं हेडिंगांचं कामकाज. 'लोक' हा शब्द बातमीत कोण घालतं, कोणत्या पुराव्यावर, किती वाजता, आणि तो काढायला कोणी सांगतं का? एसओपीत हेच लिही. एकोणीस आणि सात हे आकडेही लिही. दुसऱ्या परिच्छेदातलं 'समाजप्रबोधन' काढ, तिसरा परिच्छेद चांगला आहे, तसाच ठेव.

माझ्या कोडिंग शीटची एक कोरी प्रत आणि त्या पहिल्या चाळीस बातम्या सोबत पाठवते आहे. नवा एसओपी पाठवशील तेव्हा तेविसाव्या बातमीपुढे तू कोणती खूण केलीस तेही कळव. मी काय केली होती ते आधी सांगणार नाही.

तुझीच,
मंजू