विकिपीडियावरचे माझे सतरा दुवे काढून टाकल्याबद्दल

सप्रेम नमस्कार.

तुमचं सदस्यनाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि ज्यांना कळायचं ते मराठी विकिपीडियाच्या 'अलीकडील बदल'मध्ये, म्हणजे ताज्या संपादनांच्या यादीत, तुम्हाला रोजच बघतात. तुम्ही बाई की बुवा, पुण्याचे की परभणीचे, यातलं मला काहीच ठाऊक नाही. तरी शाळेतल्या मराठीच्या बाईंनंतर माझ्या लिहिण्याला एवढं वळण दुसऱ्या कुणी लावलेलं नाही, म्हणून हे पत्र.

ती जुलैतली शनिवारची रात्र. धो धो पावसामुळे ट्रेक रद्द झालेला, भरलेली सॅक दारातच पडलेली. हाताला चाळा म्हणून मी विकिपीडिया उघडला आणि हरिश्चंद्रगड, रतनगड, हरिहर असे गडांचे लेख एकेक करत गाठून तळाच्या 'बाह्य दुवे'मध्ये माझ्या भटकंतीच्या संकेतस्थळाचा दुवा चिकटवत सुटले. सतरा लेख झाले. मनात पाप नव्हतं हो. आपण एवढं हौसेनं लिहिलंय, चार लोकांनी वाचावं, इतकंच. सकाळी चहा घेताना पाहिलं तर सतराच्या सतरा साफ! आणि बदलाच्या आढाव्यात तुमचे दोन शब्द: 'स्वतःचेच दुवे'.

कोण हा टिकोजीराव, असं म्हणून मी तुमच्या चर्चापानावर जे काही लिहिलं ते अजून तिथे आहे. विकिपीडियावर सहसा काही पुसलं जात नाही, पानाच्या इतिहासात राहतं, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही मात्र धोरणाच्या पानाचा दुवा तोंडावर फेकून मोकळे झाला नाहीत. सतरापैकी एकच लेख घेतलात, हरिश्चंद्रगडाचा, आणि विचारलंत: हा लेख पूर्ण वाचलेला माणूस तुमच्या पानावर आला, तर लेखात नाही आणि लेखात मावणारही नाही असं त्याला तिथे काय मिळेल?

मी तावातावाने यादी दिली. पाचनईची वाट, खिरेश्वरची वाट, तंबू-जेवणवाल्यांचे फोन नंबर, केदारेश्वराच्या गुहेचे फोटो, इंद्रवज्राची हकिकत. तुम्ही एकेक मुद्दा हातात घेतलात. वाटांची माहिती लेखातच दोन ओळींत बसते, त्यासाठी वाचकाला बाहेर कशाला पाठवायचं? तंबू कोण देतं आणि जेवण कोण करतं यांचे फोन नंबर ज्ञानकोशात येत नाहीत, ती वाटाड्याची वही झाली. फोटो चांगले आहेत, तर त्यांचा दुवा कशाला, फोटोच द्या की! मग विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक कोठारात, मुक्त परवान्याखाली चित्रं कशी चढवायची ते तुम्ही पायरीपायरीने सांगितलंत. कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून काढलेला केदारेश्वराच्या पिंडीचा माझा फोटो, चार खांबांपैकी उरलेला एकुलता एक खांब नीट दिसणारा, आज थेट लेखात आहे. दुव्यावर टिचकी मारून तो कितीजणांनी पाहिला असता, देव जाणे.

आणि इंद्रवज्र. इथे तुम्ही माझी खरी विकेट काढलीत.

माझ्या पानावर ठसठशीत लिहिलेलं होतं की १८३५ साली कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला गडाच्या कोकणकड्यावरून इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, दिसलं. गडावर जाणारा प्रत्येकजण हे सांगतो. मी दुसऱ्या संकेतस्थळावरून घेतलं होतं, त्यांनी तिसऱ्यावरून. तुम्ही फक्त विचारलंत, "साईक्सने हे लिहिलंय कुठे?" दोन दिवसांनी उत्तरही तुम्हीच शोधून आणलंत: दख्खनच्या हवामानावरचा त्याचा दीर्घ निबंध, लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये १८३५ साली छापलेला, स्कॅन करून जालावर सगळ्यांना खुला. गडाचं नाव त्यात इतक्या विचित्र स्पेलिंगने आलंय की मी शोधत बसले असते तर जन्मात सापडलं नसतं. साईक्स लिहितो की कोकणातून धुकं कड्याच्या माथ्यापर्यंत चढलं होतं, तो अगदी काठाशी होता, आणि त्या गोलाच्या मधोमध त्याची, त्याच्या घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली पडली होती. त्या आपल्याच सावल्या आहेत हे माणसांना पटेना, म्हणून ते हातपाय हलवून खात्री करून घेत होते! हे मी रात्री अकराला वाचलं आणि एकटीच हसले. मीही त्या काठावर पोटावर झोपून खाली वाकून पाहिलंय, धुक्यात हातही हलवलाय. दिसलं काही नाही, ते जाऊ दे.

पण १८३५? साईक्स १८३१ मध्येच हिंदुस्थान सोडून विलायतेला परतला होता. १८३५ हे निबंध छापल्याचं साल, इंद्रवज्र दिसल्याचं नव्हे. म्हणजे जो दुवा मी वाचकांच्या भल्यासाठी सतरा ठिकाणी डकवत होते, त्याच्या टोकाला चुकीचं साल बसलेलं होतं. तुम्ही मला हे हिणवून दाखवलं नाहीत. "मूळ निबंधाचा दुवा 'संदर्भ'मध्ये त्या वाक्यालाच जोडूया, 'बाह्य दुवे'मध्ये नको," एवढंच म्हणालात. दोन्हींतला फरक मला तेव्हा कळला. वाक्याला आधार देतो तो संदर्भ. लेखात मावत नाही पण वाचकाने जरूर पाहावं असं काही असेल तर तो बाह्य दुवा. आणि या दुसऱ्या कप्प्याला दार लहान ठेवायचं, नाहीतर तिथे बघता बघता आठवडी बाजार भरतो.

बाजार भरलेलाच होता म्हणा. माझा दुवा गेल्यावरही हरिश्चंद्रगडाच्या लेखातल्या त्या यादीत नऊ उरले होते. तुम्ही म्हणालात, आता तुम्हीच एकेक उघडून बघा. पायथ्याच्या रिसॉर्टचं एक. फेसबुकवरचा एक गट, जो खातं असल्याशिवाय उघडतच नव्हता. कुणीतरी चक्क गूगलच्या शोधनिकालांचं पान जोडलं होतं. एक जुनं संकेतस्थळ बंद पडून त्याच पत्त्यावर ऑनलाइन रमीचं दुकान उघडलं होतं, आणि ज्ञानकोशाच्या तळाशी बसून लोकांना ते डाव खेळायला बोलावत होतं. ते काढायला निघाले तर तुम्ही थांबवलंत. आधी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुनं पान जतन आहे का बघा, असेल आणि कामाचं असेल तर तो दुवा द्या. होतं. कामाचं मात्र नव्हतं.

पीडीएफवरून मात्र आपली चांगलीच जुंपली. एका मोठ्या दुर्गलेखकाचं पुस्तक कुणीतरी स्कॅन करून ठेवलेलं, त्याचा दुवा. मी म्हटलं, राहू द्या, पुस्तक बाजारात मिळत नाही, लोक दुवा देतील. तुम्ही हिशोब मांडलात: लेखक १९९८ साली गेले, आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०५८ संपेपर्यंत. चोरीचा माल आपण घरात ठेवला नाही तरी कुठे मिळतो त्याचा पत्ता सांगायचा नाही. त्याऐवजी अहमदनगर जिल्ह्याचं १८८४ सालचं जुनं गॅझेटियर आहे, हक्क केव्हाच संपलेले, गडाचं वर्णनही आहे, ते जोडा. जोडलं. नऊचे दोन झाले.

सगळं पटलं असं नाही, तेही आभाराच्या पत्रातच सांगून टाकते. वैयक्तिक संकेतस्थळं सरसकट टाळावीत हा नियम इंग्रजीसारख्या भाषेत ठीक आहे. तिथे दर विषयावर दहा पुस्तकं असतात. आपल्याकडे एखाद्या आडगावच्या वीरगळाबद्दल अक्षर लिहिलेलं असतं ते त्या गावच्या निवृत्त मास्तरांनी, स्वतःच्याच पानावर, आणि जगात दुसरीकडे कुठे नाही. ते पान बाहेर ठेवलं तर उरतं काय? तुम्ही यावर म्हणाला होतात की लिहिणारा त्या विषयातला जाणता असेल तर अपवाद करता येतो, पण तसं चर्चापानावर मांडून, इतरांना विचारून. शिलालेखाच्या वाचनाचं एक पान तुम्ही तसंच ठेवू दिलंत. मला तो अपवाद आणखी रुंद हवाय. विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, मी हे मांडणार आहे, तुम्ही विरोधात लिहाल हे धरूनच चाललेय.

जाता जाता एक गंमत. विकिपीडियावरच्या बाह्य दुव्यांना 'नोफॉलो'ची खूण असते, 'ही आमची शिफारस समजू नका' असं ती शोधयंत्रांना बजावते. म्हणजे माझे सतराही दुवे टिकले असते तरी गूगलमध्ये मी वर चढले असते असं नाही. हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. भांडणात एकदाही बोलला नाहीत.

माझ्या पानावरचं साल मी दुरुस्त केलंय. चूक कुणी दाखवली तेही लिहिलंय, नावाशिवाय. त्या पानाच्या तळाशी पूर्वी बावीस दुवे होते, बहुतेक मित्रमैत्रिणींच्या संकेतस्थळांचे. आता साईक्सचा निबंध आहे आणि ते गॅझेटियर. दोन मैत्रिणी रुसल्यात. त्यांना तुमच्या चर्चापानाकडे पाठवलंय, तेवढं सांभाळून घ्या.

आपली,
सतरा दुव्यांची धनीण